काढून टाकलेली गाळणी

अमेरिकेत जुने डिझेल पिकअप ट्रक विकायला निघतात तेव्हा त्यांच्या जाहिरातींत एक शब्द वारंवार भेटतो: 'डिलीटेड', म्हणजे 'काढून टाकलेले'. काय काढून टाकलेले? तर कारखान्यातून ट्रक बाहेर पडला तेव्हा धूर स्वच्छ करण्यासाठी त्याला बसवलेली सगळी यंत्रणा. त्या जागी एक सरळ लोखंडी नळी जोडलेली असते आणि इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली अशी बदललेली असते की काही गहाळ झाले आहे याचा त्याला पत्ताच लागू नये.

जुनी वस्तू विकताना तिचा एखादा भाग नसेल तर विकणारा ते लपवतो, नाहीतर भाव उतरवतो. इथे मात्र नसलेला भाग हाच गुण म्हणून सांगितला जातो, आणि असा ट्रक मुद्दाम शोधणारे गिऱ्हाईकही असते. कायद्याने गुन्हा असलेली गोष्ट बाजारात गुण कशी ठरली? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला रुडॉल्फ डिझेलपासून सुरुवात करावी लागेल. वाटेत रसायनशास्त्र भेटेल, कायदा भेटेल आणि थोडे अर्थशास्त्रही.

गुण आणि दोष एकाच मुळाचे

रुडॉल्फ डिझेल यांनी आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ साली जर्मनीत अर्ज केला. कल्पना साधी होती. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. ती पुरेशी दाबली तर इतकी तापेल की तिच्यात फवारलेले इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेट घेईल. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे या इंजिनाची रीतसर चाचणी झाली. इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनांनाही हे जमत नव्हते.

डिझेल इंजिनाची काटकसर येते ती या जास्त दाबातून आणि जास्त तापमानातून. त्याचा त्रासही तिथूनच येतो. ज्वाला फार तापली की हवेतला एरवी स्वस्थ बसणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. दुसरी अडचण मिसळण्याची. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा आधीच एकत्र झालेली असतात. डिझेल इंजिनात इंधन ऐन वेळी फवारले जाते. प्रत्येक थेंबाच्या आत हवा पोहोचत नाही, तिथे कोळसा उरतो. हीच काजळी.

आता खरी गोम पहा. ज्वाला जास्त तापवली तर काजळी जळून जाते, पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ज्वाला थंड ठेवली तर ऑक्साइडे घटतात, पण काजळी आणि इंधनाचा खर्च दोन्ही वाढतात. एक दोष दाबला की दुसरा डोके वर काढतो. पुढची सगळी हकीकत या एका पेचाभोवती फिरते.

अननसाच्या वासापासून धुरक्यापर्यंत

१९४३ सालच्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर असे दाट धुरके पसरले की लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. महायुद्ध चालू होते. जपानने विषारी वायू सोडला असावा, अशीही शंका काहींना आली. पुढे कारखान्यांना दोष दिला गेला, काही कारखान्यांवर बंधने आली, पण धुरके हटेना.

कोडे सोडवले ते अननसाचा वास कशाने येतो यावर संशोधन करणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाने. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणारे. अत्यल्प प्रमाणातले वायू गोळा करून ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिले की मोटारींतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. जमिनीलगतचा हा ओझोन डोळे आणि फुप्फुसे जाळतो, पिकांची पाने करपवतो, ताणलेल्या रबराला भेगा पाडतो.

या शोधातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. नळीतून बाहेर पडताना जे निरुपद्रवी दिसते, ते काही तासांनी, काही मैलांवर अपायकारक होऊ शकते. ज्याच्या गाडीतून ते निघाले तो तोवर घरी पोहोचलेला असतो. हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

काजळीबद्दलचे ज्ञान याहून सावकाश जमा झाले. अमेरिकेत अवजड डिझेल वाहनांवरचे पहिले केंद्रीय बंधन १९७० सालच्या मॉडेलांपासून आले, तेही डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर. न दिसणाऱ्या कणांचे काय, हा प्रश्न नंतरचा. १९९३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी सहा अमेरिकी शहरांतील आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध सूक्ष्म कणांशी दिसला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

कायदा आणि पळवाट

अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा १९७० साली कडक झाला. त्याच वर्षी डिसेंबरात पर्यावरण संरक्षण संस्था सुरू झाली. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकण्यास या कायद्याने मनाई केली, पण सुरुवातीला ती फक्त उत्पादक आणि विक्रेते यांना होती. १९७७ साली गॅरेजवाले आणि गाड्यांचे ताफे बाळगणारे तिच्या कक्षेत आले. १९९० साली 'कोणतीही व्यक्ती' असा शब्दप्रयोग आला आणि गाडीचा मालकही त्यात सापडला. यंत्रणा निकामी करण्यासाठीचे सुटे भाग बनवणे आणि विकणे हाही गुन्हा ठरला. कायद्याचे जाळे असे टप्प्याटप्प्याने का विणावे लागले, हे ध्यानात येण्यासारखे आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी नवी वाट शोधलेली होती.

उदाहरणादाखल पेट्रोल गाड्या पाहू. १९७५ च्या मॉडेलांपासून त्यांना उत्प्रेरक परिवर्तक बसू लागले. शिसेयुक्त पेट्रोलने हा उत्प्रेरक मरतो, म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले होते. शिसेयुक्त पेट्रोलच्या पंपाची जाड तोटी त्यात शिरत नसे. पण शिसेयुक्त पेट्रोल थोडे स्वस्त होते. लोकांनी टाकीची तोंडे ठोकून रुंद केली. दर गॅलनला वाचलेल्या काही सेंटांपायी शेकडो डॉलरांचा उत्प्रेरक वाया गेला, आणि शिसे हवेत गेले ते वेगळेच.

डिझेलच्या बाबतीत मोठा प्रकार १९९८ साली उघडकीला आला. अवजड ट्रकांची इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्यांनी सुमारे १३ लाख इंजिनांत अशी आज्ञावली घातली होती की चाचणीच्या वेळी इंजिन शहाण्यासारखे वागे आणि महामार्गावर एकसारख्या वेगाने धावू लागले की इंधन फवारण्याची वेळ बदले. इंधन वाचे, पण नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या बाहेर जात. सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड भरला. इतर बंधनांसह एकूण खर्च सुमारे १०० कोटी डॉलरांवर गेला.

तीन राखणदार

यानंतर आलेला नियम खरोखर कडक होता. अवजड डिझेल इंजिनांसाठी १९८८ साली कणांची मर्यादा दर अश्वशक्ती-तासाला ०.६० ग्रॅम होती. १९९४ साली ती ०.१० झाली. २००७ पासून ती ०.०१ ग्रॅम करण्यात आली, म्हणजे १९८८ च्या साठावा भाग! नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने ०.२० ग्रॅमवर आली. फक्त इंजिन सुधारून हे जमणे अशक्य होते, कारण मघाचा पेच आडवा येत होता. म्हणून इंजिनाच्या जोडीला तीन राखणदार उभे करावे लागले.

पहिला राखणदार ईजीआर. इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरात पाठवायचा. या धुरात ऑक्सिजन कमी असतो आणि तो उष्णता शोषून घेतो. ज्वालेचे तापमान उतरते आणि ऑक्साइडे कमी बनतात. अर्थात काजळी वाढते.

ती अडवायला दुसरा राखणदार, डीपीएफ, म्हणजे कणांची गाळणी. मधमाशांच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक नळ्यांची ही चिनीमातीसारख्या पदार्थाची वीट असते. एक नळी पुढून बंद, तर तिच्या शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर जावे लागते आणि काजळी आत अडकते. गाळणी भरली की ती जाळून साफ करावी लागते. त्यासाठी धुराचे तापमान ५५० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत न्यावे लागते, आणि त्यापायी थोडे जादा डिझेल खर्ची पडते.

तिसरा राखणदार एससीआर. त्याच्यासाठी ट्रकवर एक वेगळी छोटी टाकी असते. तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. होय, शेतात टाकतो तोच युरिया, फक्त फार शुद्ध. गरम धुरात तो फवारला की त्यातून अमोनिया सुटतो. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर अमोनिया आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची अभिक्रिया होते आणि उरतात नायट्रोजन वायू आणि पाण्याची वाफ. हवेतून घेतलेला नायट्रोजन हवेला परत! हे तंत्र ट्रकांत येण्यापूर्वी जपानमधील वीजकेंद्रांत १९७० च्या दशकापासून वापरात होते. ३२.५ टक्के हाच आकडा का, असे विद्यार्थी विचारतील. या प्रमाणात मिश्रणाचा गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे ११ अंशांवर जातो.

या तिघांना एक शत्रू होता, तो म्हणजे डिझेलमधील गंधक. गंधकाने उत्प्रेरक निकामी होतात. म्हणून २००६ मध्ये अमेरिकेतील वाहनांच्या डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५०० भागांवरून १५ भागांवर आणले गेले. शुद्धीकरण कारखाने, इंजिनवाले आणि नियम करणारे यांना एकाच वेळी पाऊल उचलावे लागले.

काढणाऱ्याची बाजू

इतके चांगले काम करणारी यंत्रणा लोक का काढतात? याचे उत्तर 'लोक वाईट असतात' असे देऊन भागणार नाही.

डिझेल पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले दणकट वाहन. शेतकरी, बांधकामाचे ठेकेदार, जनावरांची गाडी ओढून नेणारे ते वापरतात. त्याची रोजची धाव अनेकदा छोटी असते. इंजिन नीट तापत नाही, गाळणी भरत जाते आणि जळून साफ होण्याची संधी मिळत नाही. कधी तापमान मोजणारा संवेदक बिघडतो, कधी धूर थंड करणारा कूलर गळतो, कधी थंडीत युरियाचे द्रावण गोठते. संगणकाला वाटले की यंत्रणा नीट चालत नाही, की तो आधी दिवा लावतो आणि शेवटी इंजिनाची ताकद इतकी घटवतो की ट्रक जेमतेम सरपटतो. ऐन कापणीच्या दिवसांत, गावापासून दूर, असे घडले तर माणूस चिडणारच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेनेच उत्पादकांना ही अचानक होणारी ताकदघट सौम्य करण्यास सांगितले, यावरून तक्रारीत तथ्य होते हे दिसते.

दुरुस्तीचा खर्च काही हजार डॉलरांच्या घरात जातो. आणि तो येतो कधी? हमीचा काळ संपल्यावर. म्हणजे बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या काळात, ज्याने पैसे वाचवण्यासाठीच जुना ट्रक घेतलेला असतो. गॅरेजवाला त्याला दोन वाटा सांगतो. एक महाग आणि कायदेशीर. दुसरी स्वस्त: तिन्ही राखणदार काढा, नळी जोडा, संगणकात नवी आज्ञावली भरा. वर थोडी ताकद वाढते, इंधन थोडे कमी लागते आणि पुन्हा दुरुस्तीची कटकट नाही. गाळणीतून धूर ढकलण्याचे कष्ट इंजिनाला उरत नाहीत, त्यामुळे हे फायदे खोटेही नसतात.

तोटा दिसत नाही, हीच तर अडचण आहे. चालक पुढे जातो आणि धूर मागे राहतो.

हिशेब

हा तोटा किती मोठा आहे, याचा अंदाज २०२० सालच्या नोव्हेंबरात त्याच संस्थेच्या एका अहवालाने दिला. आधीच्या सुमारे दहा वर्षांत ५ लाख ५० हजारांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांतून ही यंत्रणा काढली गेली होती. त्या वर्गातील, यंत्रणा बसवून विकलेल्या ट्रकांपैकी हे सुमारे १५ टक्के. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात ते ५ लाख ७० हजार टन नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ५ हजार टन कण जास्तीचे सोडतील. रस्त्यावर ९० लाखांहून अधिक नियमात बसणारे ट्रक नव्याने आणण्याइतका हा परिणाम आहे.

या आकड्यांचे वर्गात गणित करून पहावे. ९० लाखांना साडेपाच लाखांनी भागले तर सुमारे १६ येतात. म्हणजे एका ट्रकाची यंत्रणा काढणारा माणूस जणू आणखी १६ ट्रक रस्त्यावर आणतो. ५ लाख ७० हजार टनांना साडेपाच लाखांनी भागले तर एका ट्रकामागे एक टनाहून किंचित जास्त. अमेरिकी टन ९०७ किलोंचा, म्हणजे एका ट्रकाकडून त्याच्या आयुष्यात सुमारे ९४० किलो जादा वायू. ऊस तोलावा तसा हा वायू तोलून दाखवता आला असता, तर ते ट्रक विकले गेले असते का?

ही बाब न्यायालयातही गेली. यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी हे शहर डोंगरांच्या कुशीत आहे. हिवाळ्यात तिथे तापमानाचा क्रम उलटा होतो: खाली थंड हवा, वर उबदार हवा. वरची हवा झाकणासारखी बसते आणि धूर दिवसेंदिवस खालीच कोंडून राहतो. तिथल्या डॉक्टरांच्या एका संघटनेने यंत्रणा काढलेल्या ट्रकांच्या विक्रेत्यांवर दावा लावला. या विक्रेत्यांचा दूरचित्रवाणीवर कार्यक्रमही होता. डॉक्टरांनी केलेली युक्ती विज्ञानाच्या शिक्षकाला आवडावी अशी होती. त्यांनी असा एक जुना ट्रक चक्क विकत घेतला आणि प्रयोगशाळेत तपासून घेतला. धूर मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. २०२० साली न्यायालयाने आठ लाख डॉलरांहून अधिक दंड ठोठावला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने काही मुद्दे फेरविचारासाठी परत पाठवले, पण सामान्य नागरिकांच्या संघटनेला असा दावा लावता येतो, ही गोष्ट टिकून राहिली.

लिंबू आणि उलटे लिंबू

जुनी गाडी विकत घेण्याच्या व्यवहारावर अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध लेख आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी तो १९७० साली लिहिला आणि २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या मुळाशी तोच होता. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, चांगल्या गाडीचे मालक बाजारातून निघून जातात आणि मागे लिंबेच उरतात, असा त्यांचा युक्तिवाद.

यंत्रणा काढलेला ट्रक हे उलटे लिंबू आहे. दोष विकणाऱ्यालाही ठाऊक असतो आणि घेणाऱ्यालाही, आणि दोघेही खूश असतात. कारण त्या दोषाची किंमत दोघांपैकी कोणीच भरत नाही. ती भरतो तिसराच: रस्त्याकडेच्या घरात राहणारा, शाळेच्या पटांगणात खेळणारा, दम्याचा रुग्ण. तो या सौद्यात हजरच नसतो. बाजारातला भाव दोन माणसांत ठरतो. तिसऱ्याचा हिशेब त्यात आणायचा तर कायदाच लागतो.

कायदा जिथे जागा असतो तिथे चित्र लगेच पालटते. कॅलिफोर्नियात डिझेल पिकअपलाही ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते. दुसऱ्या राज्यातून स्वस्तात आणलेला असा ट्रक तिथे तपासणीत अडकतो. काढलेले भाग पुन्हा बसवायचे म्हणजे गाळणी, उत्प्रेरक, टाकी, संवेदक, मूळ आज्ञावली असे सगळे आले. वाचलेले पैसे त्यात जातात आणि वर खर्च येतो. अनेक गॅरेजेही असा ट्रक हातात घ्यायला नकार देतात, कारण कायद्याचा बडगा त्यांच्यावरही येऊ शकतो. जाहिरातीतला गुण असा एका राज्याची सीमा ओलांडताच दोष होतो. मग विकणारा तो सांगेनासाही होतो आणि उलटे लिंबू पुन्हा साधे लिंबू बनते.

घेणाऱ्याने हे ओळखायचे कसे? इथे साधे निरीक्षण उपयोगी पडते. गाळणी शाबूत असलेल्या ट्रकाच्या धुराच्या नळीचे तोंड आतून बऱ्यापैकी स्वच्छ असते. इंजिन बंद आणि थंड असताना पांढरे फडके आतून फिरवावे. ते काळेकुट्ट झाले तर गाळणी नाही किंवा फुटली आहे. युरियाच्या टाकीचे निळे झाकण आहे का, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले भाग खाली वाकून पाहिल्यावर खरोखर दिसतात का, संगणकाला जोडणी केली तर या यंत्रणांच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्याचे तो सांगतो का, हे पाहावे. कागद, डोळे आणि यंत्र या तिघांची साक्ष जुळली पाहिजे.

कंपन्याच जेव्हा तेच करतात

यंत्रणा काढणाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र सहज झटकता येत नाही: 'मोठ्या कंपन्या करतात, मग आम्हीच का चोर?'

२०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने, ज्यात भारतीय संशोधकही होते, गाडीत ठेवता येणारी मापनयंत्रे घेऊन डिझेल मोटारी रस्त्यावर चालवल्या. फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जास्त ऑक्साइडे सोडत होत्या. २०१५ च्या सप्टेंबरात उलगडा झाला. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते नीट वागणारी आज्ञावली त्यांत होती. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या यात सापडल्या. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने, म्हणजे एआरएआयने, तपासणी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये कमिन्स या इंजिन कंपनीच्या समझोत्याचा तपशील जाहीर झाला. २०१३ ते २०१९ या वर्षांतील सुमारे ६ लाख ३० हजार पिकअप ट्रकांच्या इंजिनांत नियम चुकवणारी आज्ञावली असल्याचा सरकारचा आरोप होता. कंपनीने गैरहेतू मान्य केला नाही, पण १६७ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड मान्य केला. स्वच्छ हवा कायद्याखालचा हा तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड.

तेव्हा युक्तिवादातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पण दुसरा त्यातून निघत नाही. फुप्फुसाला कण कंपनीच्या ट्रकातून आला की शेजाऱ्याच्या, हे कळत नाही. शिवाय मोठ्या कंपन्या पकडल्या गेल्या त्या कोणीतरी स्वतंत्रपणे मोजले म्हणून. मोजमापावरचा विश्वास जितका ढासळेल, तितका त्याचा फायदा मोठ्यांनाच होईल.

आपल्या दाराशी

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज-६ नियम लागू झाले. डिझेलमधील गंधक दहा लाखांत १० भागांवर आले आणि आपल्या ट्रकांनाही गाळणी आणि युरियाची टाकी बसू लागली. महामार्गावरच्या पंपांवर, दुकानांत युरिया द्रावणाचे डबे आता सर्रास दिसतात. ही वाहनेही जुनी होतील, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातील आणि दुरुस्तीचे मोठे बिल त्याच्याच हातात पडेल.

आपली नेहमीची पीयूसी तपासणी डिझेल गाडीच्या धुराचा गडदपणा मोजते. त्यातून प्रकाश किती अडतो, एवढेच ती पाहते. नायट्रोजन मोनॉक्साइड तर रंगहीन आहे. एखाद्याने युरियाची यंत्रणा बंद केली तर धूर काळा होण्याचे कारण नाही, आणि ही तपासणी ते ओळखू शकणार नाही. अमेरिकेतील नियमही १९७० साली दिसणाऱ्या धुरापासूनच सुरू झाले होते, हे आपण वर पाहिले.

शिक्षकांनी वर्गात एक चर्चा जरूर घडवावी. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा: पहिल्या मालकाने, शेवटच्या मालकाने, कंपनीने की सर्वांनी मिळून? हमीचा काळ वाढवला तर नवा ट्रक महाग होईल. दुरुस्तीला सरकारने मदत केली तर पैसे करदात्याचे जातील. काहीच केले नाही तर किंमत फुप्फुसे भरतील. मुले यावर भांडतील, आणि भांडू द्यावीत. फक्त प्रत्येक बाजूने आपला हिशेब फळ्यावर आकड्यांत मांडावा, आणि सौद्यात हजर नसलेल्या त्या तिसऱ्या माणसाच्या वतीने बोलायला वर्गातल्या एकाला आधीच नेमून ठेवावे.